फॉर्ममध्ये भरलेली वेळ यूटीसीत नेताना

रविवारी सकाळी नऊची गाण्याची शिकवणी. विद्यार्थिनी न्यू जर्सीत, बाई पुण्यात. हिवाळाभर सगळं सुरळीत चाललं होतं. तिकडे नऊ, इकडे संध्याकाळचे साडेसात. मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी मुलगी नऊला लॅपटॉप उघडून बसली आणि बाई आल्याच नाहीत. पुण्यात तेव्हा साडेसहाच वाजले होते. साडेसातला बाई तानपुरा जुळवून बसल्या, तोवर तिकडे दहा झाले होते आणि मुलगी घराबाहेर पडली होती. आईचा मेसेज आला, "आम्ही तासभर थांबलो हो."

त्या साइटच्या वेळापत्रकाचा कोड माझा होता. पहिल्या दिवशी भरलेल्या नऊचे १४:०० यूटीसी (जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ, भारत तिच्या साडेपाच तास पुढे) अगदी बरोबर झाले होते. पुढच्या प्रत्येक आठवड्यासाठी मी त्यात १६८ तास मिळवत गेलो होतो. डेटाबेसमधली प्रत्येक नोंद सेकंदापर्यंत बिनचूक होती. फक्त त्या रात्री उन्हाळी वेळ लागून न्यू जर्सीतली घड्याळं एक तास पुढे गेली होती, आणि माझ्या कोडला न्यू जर्सी ठाऊकच नव्हतं. त्याला फक्त "उणे पाच", म्हणजे यूटीसीच्या पाच तास मागे, एवढंच ठाऊक होतं.

भारतात बसून हे काम करणाऱ्यांची इथे खरी अडचण आहे. आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही. साडेपाच तास वजा केले की काम झालं, अशी हाताला सवय लागते. कोड पुण्यात किंवा हैदराबादमध्ये तपासला तर चूक दिसत नाही. ती न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, लंडनमध्ये, मेलबर्नमध्ये दिसते, आणि तीही वर्षातून दोनदा. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये मी त्या शिकवणीचंच उदाहरण घेतो आहे.

## आधी ठरवा, ही वेळ कोणत्या प्रकारची?

रूपांतराचा कोड लिहिण्याआधी फॉर्ममधल्या प्रत्येक तारीख-वेळेच्या रकान्यासमोर बसून हे ठरवायला हवं. माझ्या अनुभवात निम्म्या चुका इथेच टळतात.

पहिला प्रकार म्हणजे घडून गेलेला क्षण. पैसे जमा झाले, लॉगिन झालं, फाइल चढवली. ही वेळ वापरणाऱ्याला विचारायचीच नाही. सर्व्हरच्या घड्याळावरून थेट यूटीसीत नोंदवायची, विषय संपला.

दुसरा प्रकार म्हणजे एखाद्या ठिकाणच्या घड्याळाशी बांधलेली पुढची वेळ. शिकवणी, डॉक्टरची अपॉइंटमेंट, वेबिनार, लिलावाची मुदत. हा सगळा लेख मुख्यतः या प्रकाराबद्दल आहे.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याला यूटीसी लागतच नाही. जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, बिलाची तारीख, "रोज सकाळी सहाला गोळी". जन्मतारीख ही तारीख आहे, क्षण नाही. तिला यूटीसीत नेलं की ती बिघडते, आणि आपल्याकडे ती एका ठरावीक पद्धतीने बिघडते. जावास्क्रिप्टमध्ये तारखेचं कॅलेंडर १५ ऑगस्ट निवडल्यावर बहुतेक वेळा स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट देतं. त्यावर टूआयएसओस्ट्रिंग (वेळेचा यूटीसीतला मजकूर करून देणारं फंक्शन) चालवलं की तो १४ ऑगस्ट १८:३० यूटीसी होतो. मग पहिली दहा अक्षरं कापून घेतली की जन्मतारीख १४ ऑगस्ट. ग्रीनिचच्या पूर्वेला राहणाऱ्या सगळ्यांना ही चूक भेटते. पश्चिमेला राहणाऱ्यांना तिची उलटी बाजू भेटते. नुसती "२०२६-०८-१५" ही मजकुरातली तारीख जावास्क्रिप्टच्या डेटला दिली तर ती यूटीसीतली मध्यरात्र मानली जाते, आणि न्यू जर्सीतल्या स्क्रीनवर ती १४ तारखेची संध्याकाळ दिसते. त्याच मजकुराला पुढे वेळ जोडली आणि ऑफसेट (यूटीसीपासूनचं तासांचं अंतर) दिला नाही, तर मात्र ती स्थानिक वेळ मानली जाते. एकाच भाषेत हे दोन नियम शेजारी शेजारी आहेत, म्हणून निव्वळ तारखेसाठी डेट ऑब्जेक्ट वापरूच नका. डेटाबेसमध्ये नुसत्या तारखेचा रकाना ठेवा आणि मजकूर जसा आला तसा तिथे जाऊ द्या.

## वेळेबरोबर ठिकाणही घ्या

"८ मार्च २०२६, सकाळी ९" हे घड्याळावरचं नुसतं वाचन आहे. ते कोणत्या भिंतीवरचं घड्याळ, हे कळल्याशिवाय त्यातून क्षण निघत नाही. त्यासाठी टाइमझोनचं नाव लागतं. अमेरिका/न्यूयॉर्क, युरोप/लंडन, एशिया/कोलकाता ही ती नावं. ती आयाना संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमधून येतात, आणि प्रत्येक नावामागे त्या भागाच्या घड्याळाचा इतिहास आणि पुढचे नियम असतात. उणे पाच हा ऑफसेट म्हणजे त्या नियमांचं एका क्षणापुरतं उत्तर. जानेवारीत घेतलेलं उत्तर जुलैत वापरलं की शिकवणी चुकते.

बरेच जण ब्राउझरकडून गेटटाइमझोनऑफसेट मागवून सर्व्हरला पाठवतात. त्यात दोन गोची आहेत. त्याचं चिन्ह उलटं असतं, म्हणजे भारतासाठी ते उणे ३३० मिनिटं देतं. आणि आजच्या तारखेवर विचारलं तर आजचा ऑफसेट मिळतो, वापरणाऱ्याने निवडलेल्या दिवसाचा नाही. त्याऐवजी इन्टलच्या डेटटाइमफॉरमॅटला रिझॉल्व्हडऑप्शन्स विचारा, त्यात टाइमझोनचं पूर्ण नाव येतं. भारतात ते अनेकदा एशिया/कॅलकटा असं जुन्या स्पेलिंगचं येईल. दोन्ही नावं एकाच झोनची आहेत आणि लायब्ररीला दोन्ही चालतात. फक्त तुमच्या कोडमध्ये नावाची थेट अक्षरतुलना केली असेल, तर निम्मे भारतीय वापरकर्ते यादीबाहेर पडतील.

"आयएसटी" सारखी आद्याक्षरं झोन म्हणून कधीही साठवू नका. भारत, इस्राएल आणि आयर्लंड तिघांचीही प्रमाणवेळ तीच अक्षरं वापरते. इटीसी/जीएमटी अधिक ५ अशी नावंही टाळा. तिथे अधिक म्हणजे यूटीसीच्या मागे असा उलटा अर्थ आहे, आणि वाचणारा हमखास फसतो.

ब्राउझरने दिलेलं नाव हा अंदाज समजा, उत्तर नव्हे. पुण्यातली आजी न्यू जर्सीतल्या नातीसाठी शिकवणी नोंदवते तेव्हा ब्राउझर पुण्याचा असतो आणि वेळ न्यू जर्सीची. आयपी पत्त्यावरून ठिकाण ओळखणं तर आणखी बेभरवशाचं, ऑफिसचा व्हीपीएन असला की माणूस भलत्याच देशात दिसतो. म्हणून वेळेच्या रकान्याशेजारीच "ही वेळ कुठली?" असं लिहून अंदाज भरून ठेवा आणि बदलायची सोय द्या. त्या यादीत झोनची कच्ची नावं दाखवू नका. नागपूरचा माणूस नागपूर शोधेल, मग मुंबई शोधेल, आणि दोन्ही सापडणार नाहीत, कारण साऱ्या भारतासाठी यादीत एकच कोलकाता आहे. "भारत", "अमेरिका, पूर्व किनारा", "ब्रिटन" असं लिहा आणि शेजारी त्या क्षणी तिथे किती वाजलेत ते दाखवा. लोक झोन ओळखत नाहीत, वाजलेले किती ते लगेच ओळखतात.

## वाचन जसं आलं तसं सर्व्हरपर्यंत न्या

एचटीएमएलचा डेटटाइम-लोकल हा रकाना झोन नसलेला मजकूर देतो, २०२६-०३-०८, मध्ये टी हे अक्षर, आणि पुढे ०९:००. हा मजकूर ब्राउझरमध्ये डेट ऑब्जेक्टमध्ये घालू नका. घातला की ब्राउझर स्वतःच्या उपकरणाचा झोन त्याला चिकटवतो, आणि आजीच्या पुण्यातल्या फोनने नातीचे नऊ पुण्याचे नऊ करून टाकलेले असतात. मजकूर आणि झोनचं नाव, हे दोन वेगळे मजकूर म्हणून सर्व्हरकडे पाठवा.

साधा टेक्स्ट रकाना ठेवला असेल तर आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. ०८/०३ म्हणजे आपल्याकडे ८ मार्च आणि अमेरिकेत ३ ऑगस्ट. मराठी कीबोर्डवरून माणूस देवनागरी अंक टाइप करतो. पायथनचं इंट "१२" हे देवनागरी अंक निमूटपणे वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र तेच बघून "संख्या नाही" म्हणतं. फ्रंटएंड आणि बॅकएंड दोन भाषांत असतील तर ही तफावत शोधायला दिवस जातो. आधीच अंक एका लिपीत आणा.

आणि एक अडचण आपल्या बोलण्यातली आहे. "शनिवारी रात्री दीड वाजता" असं आपण म्हणतो तेव्हा कॅलेंडरप्रमाणे रविवार लागलेला असतो. सूर्य उगवेपर्यंत आपल्या मनात शनिवारच असतो. फॉर्म भरणारा मात्र शनिवारची तारीख निवडून ०१:३० टाकतो आणि चोवीस तास आधीची वेळ नोंदवून बसतो. यावर कोडमध्ये उपाय नाही, स्क्रीनवर आहे. सेव्ह करण्याआधी पूर्ण वाक्य दाखवा: "रविवार, ८ मार्च, मध्यरात्रीनंतर १:३०, न्यू जर्सीची वेळ. पुण्यात रविवारी दुपारी १२." वाराचं नाव वाचलं की माणूस थबकतो. पुण्याची वेळही तिथेच दिसली तर बाईंनाही फसगत आधीच कळते.

## रूपांतर एकाच ठिकाणी

सर्व्हरवर एकच फंक्शन ठेवा. त्यात दोन गोष्टी आत जातील, वाचन आणि झोनचं नाव, आणि यूटीसी क्षण बाहेर येईल. साऱ्या कोडमध्ये दुसरीकडे कुठेही तास-मिनिटांची वजाबाकी दिसली तर ती काढून टाका. सर्व्हरचा स्वतःचा झोन यात कुठेच येता कामा नये. क्लाउडवरचे कंटेनर बहुधा यूटीसीवर चालतात आणि आपले लॅपटॉप भारतीय वेळेवर. सर्व्हरच्या झोनवर विसंबलेला कोड म्हणूनच लॅपटॉपवर बरोबर आणि सर्व्हरवर साडेपाच तासांनी चुकलेला दिसतो.

पायथनमध्ये ३.९ पासून झोनइन्फो भाषेतच आहे, तेच वापरा. जुन्या प्रकल्पांत पायटीझेड हे पॅकेज असतं आणि त्याचा एक सापळा भारतीय झोनवर फारच ठळक दिसतो. डेटटाइम बनवताना टीझेडइन्फो म्हणून पायटीझेडचा एशिया/कोलकाता थेट दिला तर ऑफसेट ५:३० ऐवजी ५:५३ येतो. सकाळी १० ची नोंद यूटीसीत ०४:३० ऐवजी ०४:०७ होते आणि परत दाखवताना ९:३७ दिसते. ही २३ मिनिटं कुठून आली? एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याच्या स्थानिक सूर्यवेळेतून. झोनच्या इतिहासातली पहिली नोंद तीच आहे आणि पायटीझेड थेट दिला की तीच उचलली जाते. पायटीझेडमध्ये लोकलाइझ ही पद्धत वापरावी लागते. तुमच्या डेटाबेसमध्ये २३ मिनिटांनी सरकलेल्या नोंदी दिसल्या तर आणखी काही शोधू नका, कारण हेच आहे. झोनइन्फोमध्ये हा सापळा नाही. मात्र विंडोजवर आणि काही छाटलेल्या कंटेनरमध्ये झोनचा डेटाच नसतो, तिथे टीझेडडेटा नावाचं पॅकेज सोबत बसवा.

जावात आठव्या आवृत्तीपासून लोकलडेटटाइम, झोनआयडी आणि इन्स्टंट हे तीन वेगळे प्रकार आहेत, आणि मला ती रचना सगळ्यांत स्वच्छ वाटते. वाचन, ठिकाण आणि क्षण या तीन गोष्टींना तीन नावं दिली की चुकीची बेरीज कम्पायलरच अडवतो. पीएचपीत डेटटाइमइम्युटेबलला दुसरा घटक म्हणून झोन देता येतो, पण मजकुरातच ऑफसेट असेल तर तो झोन गुपचूप दुर्लक्षिला जातो, म्हणून आत येणारा मजकूर आधी तपासा. जावास्क्रिप्टमध्ये टेम्पोरल ही नवी सोय याच कामासाठी आहे. फायरफॉक्सने ती २०२५ मध्ये १३९ व्या आवृत्तीत दिली. ज्या ब्राउझरमध्ये ती नाही तिथे लक्सॉन ही लायब्ररी वापरा. मोमेंट हे जुनं पॅकेज २०२० पासून फक्त देखभालीपुरतं उरलं आहे, नव्या कामाला घेऊ नका.

लायब्ररी आत काय करते ते एकदा हाताने करून बघण्यासारखं आहे. झोनचा डेटा उलट प्रश्नाचं उत्तर सहज देतो, म्हणजे "या यूटीसी क्षणी न्यूयॉर्कचा ऑफसेट किती?" आपल्याला मात्र वाचनावरून क्षण हवा असतो. म्हणून अंदाज करून सुधारायचं. समजा वाचन आहे ८ मार्च २०२६, पहाटे ४, न्यूयॉर्क. पहिल्यांदा ते ०४:०० यूटीसीच आहे असं समजा. त्या क्षणी न्यूयॉर्कचा ऑफसेट उणे ५, कारण घड्याळ ०७:०० यूटीसीला बदलतं. त्यावरून उत्तर ०९:०० यूटीसी. आता ०९:०० यूटीसीला ऑफसेट पुन्हा विचारा. तो उणे ४ निघतो, म्हणजे आपला अंदाज चुकला. नवा ऑफसेट लावला की ०८:०० यूटीसी. पुन्हा विचारलं तर तिथेही उणे ४, जुळलं. ज्या घरगुती कोडमध्ये ही दुसरी फेरी नसते, तो वर्षातून दोनदा काही तासांपुरता चुकतो, आणि ती चूक बग म्हणून नोंदवायच्या आत निघून गेलेली असते.

## नसलेली वेळ आणि दोनदा येणारी वेळ

८ मार्च २०२६ ला न्यू जर्सीत रात्री दोनचे एकदम तीन वाजले. २:३० त्या रात्री झालेच नाहीत. १ नोव्हेंबर २०२६ ला रात्री दोनचे पुन्हा एक वाजतात, म्हणून १:३० दोनदा येतात. एकदा ०५:३० यूटीसीला, पुन्हा ०६:३० यूटीसीला. पुण्यात ते सकाळचे ११ आणि दुपारचे १२ आहेत. अमेरिकी रुग्णालयांच्या नाइट शिफ्टची वेळापत्रकं किंवा पुण्यातून दिवसा चालणारा अमेरिकी सपोर्ट यांना ही वेळ अगदी रोजची आहे, त्यामुळे "अपरात्री कोण फॉर्म भरतंय" असं म्हणून सोडून देऊ नका.

बहुतेक लायब्ऱ्या इथे न विचारता निर्णय घेतात. नसलेले २:३० पुढे सरकवून ३:३० करतात, म्हणजे ०७:३० यूटीसी. दोनदा येणाऱ्या १:३० पैकी पहिले घेतात. जावा असंच करते, पायथनही फोल्ड (दोनदा येणाऱ्या वेळेपैकी कोणती घ्यायची ते सांगणारा आकडा) शून्य असताना असंच करतं, आणि टेम्पोरलचा न सांगता लागू होणारा पर्यायही हाच. टेम्पोरलमध्ये त्याऐवजी "आधीची घे", "नंतरची घे" किंवा "नाकार" असं सांगता येतं. पायथनमध्ये फोल्ड १ दिला की दोनदा येणाऱ्या वेळेपैकी दुसरी मिळते.

माझं मत असं की माणसाने भरलेल्या वेळेबाबत नसलेली वेळ नाकारावी आणि दोनदा येणारी वेळ विचारावी. "त्या रात्री न्यू जर्सीत २ ते ३ ही वेळ नाही, कृपया दुसरी निवडा" हे वाक्य कुणालाही समजतं. दोनदा येणाऱ्या वेळेसाठी दोन पर्याय दाखवा, "घड्याळ मागे जाण्याआधीचे १:३०" आणि "मागे गेल्यानंतरचे १:३०". मशीनकडून आलेल्या नोंदी, जुन्या एक्सेल फाइली वगैरे जिथे विचारायला कुणी नसतं, तिथे लायब्ररीचा ठरीव निर्णय चालेल, पण नोंदीत तसं लिहून ठेवा.

लायब्ररी हे सांगत नसेल तर ओळखायची युक्ती साधी आहे. वाचन यूटीसीत न्या, तिथून त्याच झोनमध्ये परत आणा. मूळ वाचन परत आलं नाही, ३:३० आलं, तर ती वेळ नव्हतीच. दोनदा येणाऱ्या वेळेसाठी आदल्या दिवशीचा ऑफसेट आणि दुसऱ्या दिवशीचा ऑफसेट असे दोन्ही लावून बघा. दोन्ही यूटीसी क्षण वेगळे निघाले आणि दोन्ही परत आणल्यावर तेच वाचन मिळालं, तर वेळ दोनदा येते.

दर आठवड्याच्या शिकवणीत माझी मूळ चूक होती ती इथेच सुधारते. सात दिवस यूटीसीत मिळवायचे नाहीत, स्थानिक कॅलेंडरमध्ये मिळवायचे. १ मार्चचे न्यूयॉर्कचे ९, अधिक सात दिवस, ८ मार्चचे न्यूयॉर्कचे ९, आणि मग प्रत्येक तारखेचं स्वतंत्र रूपांतर. १ मार्चला १४:०० यूटीसी, ८ मार्चला १३:०० यूटीसी. बाईंच्या घड्याळात साडेसातचे साडेसहा होतात. ते त्यांना चालेल का, हा प्रश्न माणसांचा आहे आणि तो नोंदणी करतानाच विचारायला हवा: शिकवणी कोणाच्या घड्याळाला बांधायची? पुण्याच्या घड्याळाला बांधली तर मुलीचे नऊ मार्चनंतर दहा होतील. लंडनची एक विद्यार्थिनीही असेल तर आणखी गंमत, कारण ब्रिटनमध्ये घड्याळ २९ मार्चला बदलतं. मधले तीन आठवडे न्यू जर्सी आणि लंडनमधलं अंतर पाचऐवजी चारच तासांचं असतं.

## साठवताना मूळ वाचन फेकू नका

घडून गेलेल्या क्षणासाठी यूटीसी पुरतो. पुढच्या वेळेसाठी पुरत नाही. १ मार्च २०२४ ला कझाकस्तानने सगळ्या देशाची वेळ यूटीसीच्या पाच तास पुढे अशी एकच केली. त्याआधी अल्माटी सहा तास पुढे होती. अल्माटीतली सकाळी दहाची अपॉइंटमेंट ज्यांनी आधीच ०४:०० यूटीसी म्हणून साठवली होती, त्यांना ती मार्चनंतर नऊची दिसली. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागातली उन्हाळी वेळ बंद केली, इजिप्तने २०२३ मध्ये परत सुरू केली. सरकारं हे निर्णय कधी कधी थोड्याच आठवड्यांच्या सूचनेवर घेतात.

म्हणून तीन रकाने ठेवा: स्थानिक वाचन, झोनचं नाव, आणि त्यावरून काढलेला यूटीसी. खरी माहिती पहिल्या दोनांत आहे. यूटीसीचा रकाना क्रम लावायला, शोधायला आणि आठवणीचा मेसेज पाठवायला आहे, आणि तो केव्हाही पुन्हा काढता आला पाहिजे. टाइमझोन डेटाबेसची नवी आवृत्ती आली की पुढच्या तारखांच्या सगळ्या नोंदींचा यूटीसी पुन्हा काढणारं एक छोटं काम रात्री चालवा. ज्यांचा क्षण बदलला त्यांना कळवा.

पोस्टग्रेसमधला टाइमस्टॅम्प विथ टाइमझोन हा प्रकार नावाने फसवतो. तो क्षण यूटीसीत ठेवतो, झोन ठेवत नाही. न्यूयॉर्क लिहून पाठवलंत तरी परत येताना तुमच्या सेशनचा झोन दिसेल. ॲट टाइम झोन हे वाक्यही समोरच्या प्रकारानुसार दोन उलट अर्थ घेतं. झोन नसलेल्या वाचनावर लावलं तर त्यातून क्षण काढतं, क्षणावर लावलं तर त्यातून वाचन काढतं. चुकून दोनदा लावलं की ऑफसेट दुप्पट होतो किंवा नाहीसा होतो. मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प सेशनच्या झोनप्रमाणे यूटीसीत जातो आणि १९ जानेवारी २०३८ ला संपतो, डेटटाइम मात्र जसाच्या तसा राहतो. तिथलं कन्व्हर्ट टीझेड हे फंक्शन झोनची कोष्टकं भरलेली नसतील तर एरर न देता रिकामं उत्तर देतं. नवा सर्व्हर उभारताना ती कोष्टकं भरायला हमखास विसरलं जातं.

## परत दाखवताना आणि शोधताना

दाखवताना यूटीसी क्षण बघणाऱ्याच्या झोनमध्ये न्या आणि शेजारी ठिकाणाचं नाव छापा. ईमेल आणि एसएमएसमध्ये तर नक्कीच, कारण तिथे ब्राउझर नसतो आणि मेसेज पुढे कोणाला पाठवला जाईल ते सांगता येत नाही.

शोधताना दिवसाच्या कडा सांभाळाव्या लागतात. भारतातला १ एप्रिल हा यूटीसीत ३१ मार्च १८:३० ला सुरू होतो. जो रिपोर्ट यूटीसीच्या तारखेवर गट पाडतो, तो १ एप्रिलच्या पहाटे साडेपाचच्या आधी फाडलेली सगळी बिलं मागच्या आर्थिक वर्षात टाकतो. जीएसटीचा हिशेब बसवणाऱ्याच्या डोक्याला हा ताप नको असेल तर कडा भारतीय झोनमध्ये काढा, यूटीसीत न्या, आणि "३१ मार्च १८:३० पासून, १ एप्रिल १८:३० च्या आधीपर्यंत" असा शोध घ्या. शेवट २३:५९:५९ असा लिहू नका, त्या शेवटच्या सेकंदातली नोंद निसटते. दुसरी कड काढताना २४ तासही मिळवू नका, न्यूयॉर्कचा ८ मार्च २३ तासांचा आहे. दुसऱ्या दिवसाची सुरुवात लायब्ररीला विचारा. कैरोत उन्हाळी वेळ सुरू होते त्या दिवशी मध्यरात्रीचे १२ वाजतच नाहीत, दिवस १ वाजता सुरू होतो.

जुन्या तारखांना आपलाही झोन साधा नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, शेवटची १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत. १९४४ सालच्या जन्मवेळेला एशिया/कोलकाता बरोबर साडेसहा तासांचा ऑफसेट लावतो, आणि ५:३० पक्के लिहिलेल्या कुंडलीच्या साइटचं लग्न एका तासाने सरकतं. मुंबईत तर १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही पुढे बरीच वर्षं ३९ मिनिटं मागे असलेला मुंबई टाइम चालू होता, आणि त्यासाठी डेटाबेसमध्ये वेगळा झोन नाही. अशा साइटवर ऑफसेट हाताने बदलायची मुभा ठेवावीच लागते.

## तपासणी

चाचण्या लिहिताना मशीनचा झोन बदलून तोच संच तीनदा चालवा. एकदा यूटीसीवर, एकदा भारतावर, एकदा न्यूयॉर्कवर. उत्तर बदललं तर कुठेतरी सर्व्हरचा झोन झिरपतो आहे. मग ठरीव वाचनं घ्या. न्यूयॉर्क, १ मार्च २०२६ सकाळी ९, उत्तर १४:०० यूटीसी. न्यूयॉर्क, ८ मार्च सकाळी ९, उत्तर १३:००. न्यूयॉर्क, ८ मार्च पहाटे ४, उत्तर ०८:००. न्यूयॉर्क, ८ मार्च २:३०, नकार. न्यूयॉर्क, १ नोव्हेंबर १:३०, विचारणा. भारत, १ एप्रिल मध्यरात्र, उत्तर ३१ मार्च १८:३०. काठमांडूचे पाऊण तासाचे ५:४५ घ्या. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटाचाही घ्या, तिथे उन्हाळी वेळ एका तासाऐवजी अर्ध्याच तासाने पुढे जाते. सामोआचा ३० डिसेंबर २०११ घ्या. तारीखरेषेची बाजू बदलताना तिथे तो अख्खा दिवस कॅलेंडरमधून गेला, त्यामुळे त्या दिवसाचं कोणतंही वाचन नाकारलं गेलं पाहिजे.

चाचणीत "आता" ही वेळ खऱ्या घड्याळावरून घेऊ नका, बाहेरून द्या. माझ्या शिकवणीच्या कोडला चाचण्या होत्या आणि त्या फेब्रुवारीभर हिरव्या, म्हणजे पास, होत्या. आता त्या संचातली पहिली चाचणी बाईंच्या रविवारची आहे. तिचं "आता" ७ मार्च २०२६, पुण्यात रात्रीचे दहा, असं ठरवून दिलेलं असतं. तिला पुढची शिकवणी रविवारी संध्याकाळी साडेसहाला आहे असं उत्तर मिळालं तरच कोड पुढे जातो.